प्रत्येक कामाची वेगळी चूल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परीक्षेच्या हंगामात रात्री दहानंतर फोन वाजला, की तो बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचाच असतो. मागच्या वर्षी असाच एक फोन आला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, विषय संख्याशास्त्र. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता प्रकल्प सादर करायचा होता. चार महिने गावोगावच्या बाजारभावांचे आकडे गोळा केलेले, पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिलेला, सगळं तयार. फक्त लॅपटॉप चुलतभावाकडून नवा मागून आणलेला आणि त्यावर प्रोग्रॅम चालेना.

"सर, हा म्हणतो इन्स्टॉल झालं, आणि लगेच म्हणतो की नाहीच आहे. दोन्ही हाच म्हणतो. मी काय करू?"

आवाज रडवेला होता. पण ती सांगत होती ते शब्दशः खरं होतं. पडद्यावर एका ओळीत 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड पांडाज' असं आलं होतं आणि प्रोग्रॅम चालवल्यावर 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. पंचवीस वर्षं मी कॉम्प्युटर शिकवतो आहे. प्रोग्रॅमिंग सोडून देणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांतली फार थोडी तर्क जमला नाही म्हणून गेली. बरीचशी गेली ती या उंबरठ्यावर अडखळून. प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याआधीच कॉम्प्युटर लाल अक्षरांत काहीबाही सांगतो आणि मूल समजतं, आपल्याला डोकं नाही. म्हणून आज या लाल अक्षरांबद्दलच बोलणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली जगापुढे आणली. भाषा म्हणजे नुसती चूल. आकड्यांचं गणित करायचं, आलेख काढायचे, फोटो वाचायचे तर त्यासाठी इतरांनी लिहून ठेवलेलं सामान लागतं. त्या सामानाच्या एकेका पुड्याला पॅकेज म्हणतात. ही पॅकेजं इंटरनेटवर एका सामाईक भांडारात असतात. त्याचं नाव पायपीआय, सुरुवात २००३ची. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. पूर्वी गमतीनं त्याला 'चीज शॉप' म्हणत. पायथन हे नाव सापावरून नाही, 'मॉंटी पायथन' या इंग्लंडच्या विनोदी कार्यक्रमावरून आलेलं आहे, आणि त्या मंडळींच्या एका प्रहसनात चीजचं एक दुकान आहे, ज्यात चीजच नसतं! रात्री साडेदहाला अडकलेल्या माणसाला हा विनोद फार आवडणार नाही, पण समजेल.

या भांडारातून सामान आणून देणारा पोऱ्या म्हणजे पॅकेज मॅनेजर. पायथनच्या पोऱ्याचं नाव पिप. इयन बिकिंग यांनी २००८ साली तो केला आणि २०१४ पासून तो पायथनबरोबरच येऊ लागला. पिपचं काम नुसतं एक पुडा आणण्याचं नाही. त्या पुड्याला आणखी काय लागतं तेही तो आणतो. पांडाज मागवलं की त्याच्याबरोबर नमपाय येतं, तारखांचा हिशेब ठेवणारं डेटयुटिल येतं, आणि डेटयुटिलला लागतं म्हणून 'सिक्स' नावाचं एक चिमुकलं पॅकेज येतं. सिक्स का? तर पायथनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत सांधा जोडण्यासाठी ते लिहिलं गेलं. दोन गुणिले तीन, सहा. दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे निवृत्त झाली, तरी तिच्या आठवणीचा हा पुडा पुढेही सामानात येत राहिला.

आता त्या मुलीचं कोडं. मी तिला विचारलं, "अगं, या लॅपटॉपमध्ये पायथन किती आहेत?" ती गप्प. हा प्रश्न कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. पण एका कॉम्प्युटरमध्ये दोन-तीन पायथन असणं अगदी नेहमीचं आहे. चुलतभावानं कधीतरी एक घातलेलं असतं, एखाद्या सॉफ्टवेअरनं आपलं स्वतःचं आणलेलं असतं, आणि तिनं संध्याकाळी नवं उतरवून घेतलेलं होतं. म्हणजे घर एक, स्वयंपाकघरं दोन. पोऱ्यानं सामान वरच्या मजल्यावर उतरवलं आणि स्वयंपाक चालला होता तळमजल्यावर. पोऱ्याही खोटं बोलत नव्हता आणि स्वयंपाकीणही.

हे ओळखायचं कसं? आज्ञांच्या खिडकीत 'पिप, डॅश डॅश व्हर्जन' असं लिहिलं, की पिप आपली आवृत्ती तर सांगतोच, शिवाय आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत आणि कुठल्या पायथनसाठी काम करतो तेही सांगतो. विंडोजवर 'पीवाय, डॅश शून्य' लिहिलं तर बसवलेल्या पायथनांची यादी मिळते. मॅक किंवा लिनक्सवर 'व्हिच, डॅश ए, पायथन थ्री'. (आज्ञा इथे बोलतो तशा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) आणि उपाय एका सवयीचा आहे. नुसतं 'पिप इन्स्टॉल' म्हणायचंच नाही. 'पायथन, डॅश एम, पिप, इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव. याचा अर्थ असा, की ज्या पायथननं प्रोग्रॅम चालवायचा त्यालाच सांगायचं, बाबा, तुझ्याच पोऱ्याला पाठव. मग सामान दुसऱ्या मजल्यावर जाण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र प्रोग्रॅम एखाद्या एडिटरमधून चालवत असाल तर त्यानं कुठलं पायथन निवडलं आहे तेही एकदा बघावं लागतं.

विंडोजवर याच्याही आधीची एक ठेच आहे. पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर तळाशी, 'पाथमध्ये जोडा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. तिथे खूण करायची राहिली, की विंडोजला पायथन कुठे आहे ते कळत नाही. 'पायथन' टाइप केल्यावर प्रोग्रॅमऐवजी मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं आणि माणूस तिथून आणखी एक पायथन घेऊन येतो. तिसरं स्वयंपाकघर!

नावांचे घोटाळे वेगळेच. प्रोग्रॅममध्ये आपण ज्या नावानं पॅकेजला हाक मारतो आणि भांडारात ते ज्या नावानं मिळतं, ती दोन नावं सारखी असतीलच असं नाही. हाक मारायची 'सीव्हीटू', मागवायचं 'ओपनसीव्ही-पायथन'. हाक 'पीआयएल', मागवायचं 'पिलो'. हाक 'एसकेलर्न', मागवायचं 'सायकिट-लर्न'. पाळण्यातलं नाव आणि घरातलं नाव. इथे अंदाजानं नाव ठोकू नये, कारण पायपीआयवर कुणीही पॅकेज ठेवू शकतं, आणि नावात एका अक्षराचा फरक करून त्यात खोडसाळ प्रोग्रॅम भरून ठेवणारे लोक आहेत. अशी पॅकेजं सापडतात, काढली जातात, पुन्हा येतात. नाव त्या पॅकेजच्या अधिकृत माहितीपत्रकातून बघून घ्यावं, एवढंच.

आणि एक चूक तर अशी, की सापडल्यावर मूल स्वतःच हसतं. पांडाज शिकायला बसलेला विद्यार्थी आपल्या सरावाच्या फाइलला नाव काय देतो? 'पांडाज'. मग पायथन पांडाज शोधायला निघतं, आधी शेजारी पाहतं, तिथे त्याच नावाची फाइल दिसते आणि तीच उचलतं. खरं पॅकेज भरल्या ताटासारखं समोर असून उपाशी राहावं लागतं. फाइलचं नाव बदललं की संपलं.

त्या रात्री पंधरा मिनिटांत पांडाज सापडलं. मी फोन ठेवणार तोच तिकडून, "सर, आता दुसरंच आलं." पंचवीस-तीस ओळींचा लाल मजकूर. ती वरून वाचू लागली. मी म्हटलं, खालून वाच. पायथनची तक्रार ही उलट्या क्रमाची असते, ताजी गोष्ट सगळ्यात शेवटी. पिपचा मजकूर असेल तर 'एरर' या शब्दानं सुरू होणारी पहिली ओळ शोधायची. एवढं केलं तरी निम्मी भीती जाते, कारण बाकीच्या ओळी म्हणजे नुसता पंचनामा असतो.

या वेळचा मजकूर खरोखर महत्त्वाचा होता. त्यात म्हटलं होतं, की नमपाय १ वापरून तयार केलेलं मॉड्यूल नमपाय २मध्ये चालवता येणार नाही. इथे आवृत्तींचा प्रश्न येतो.

पॅकेजच्या आवृत्तीला साधारणपणे तीन आकडे असतात, मध्ये टिंबं. शेवटचा वाढला तर किरकोळ दुरुस्ती. मधला वाढला तर नवी सोय. पहिला वाढला तर मात्र सावध व्हायचं, जुन्या काही गोष्टी मोडू शकतात असा तो इशारा असतो. हा संकेत आहे, कायदा नाही, आणि सगळे तो सारखाच पाळत नाहीत. नमपायची पहिली आवृत्ती २००६ची. पहिला आकडा एकावरून दोनवर गेला तो जून २०२४मध्ये, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षांनी. आकडेमोडीची असंख्य पॅकेजं नमपायच्या पायावर उभी आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी यंत्रभाषेत आधीच तयार करून ठेवलेली असतात. नमपायच्या आतली मांडणी बदलल्यावर त्यांची जुनी आवृत्ती नव्या नमपायला जुळेना. मुलीनं आलेखांसाठी एक जुनं पॅकेज विशिष्ट आवृत्ती सांगून मागवलं होतं, कारण कॉलेजच्या टिपणात तसंच होतं; नमपाय मात्र आवृत्ती न सांगता, म्हणून सगळ्यात नवं. दोघांचं जमेना. इलाज दोन: जुनं पॅकेज नवं करा, नाहीतर नमपायला सांगा, दोनच्या खालीच राहा. 'नमपाय, लहानपेक्षाचं चिन्ह, दोन', आणि हे सगळं अवतरणचिन्हांत, नाहीतर आज्ञांची खिडकी त्या चिन्हाचा भलताच अर्थ घेते.

काही वेळा मात्र पिप स्वतःच हात जोडतो आणि 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल' म्हणतो. वधूपक्ष म्हणतो पंधरा तारखेच्या आत, वरपक्ष म्हणतो वीसनंतरच. मग कुठल्याही गुरुजींकडे गेलात तरी मुहूर्त निघणार नाही. एका पॅकेजला तिसरं एखादं पॅकेज आवृत्ती दोनच्या आत हवं, दुसऱ्याला तेच तीनच्या पुढे हवं, आणि पायथनच्या एका स्वयंपाकघरात एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये प्रत्येकाला आपापली प्रत शेजारी ठेवता येते, त्यामुळे तिथे हे भांडण कमी आणि फोल्डरचा आकार मोठा. पायथनमध्ये ती सोय नाही. नोव्हेंबर २०२०अखेरच्या सुधारणेपूर्वी पिप अशा वेळी आधी आलेल्याचं ऐकायचा आणि पुढचा गोंधळ तुमच्यावर सोडायचा. आता तो मागे जाऊन एकेक जुनी आवृत्ती तपासून बघतो. म्हणूनच कधीकधी एकाच पॅकेजच्या दहा आवृत्त्या उतरवताना दिसतो. तो बिघडलेला नसतो, मुहूर्त शोधत असतो. तुम्ही आवृत्तीची अट जितकी सैल ठेवाल तितकं त्याला शोधायला रान मोठं. पण अट अगदीच जखडली तर मुहूर्त निघण्याची शक्यताच जाते. मागाहून कुठे काही बिनसलंय का ते 'पिप चेक' सांगतो.

आणखी एक नेहमीचा अडथळा, विशेषतः सगळं ताजं ताजं हवं असणाऱ्यांचा. पॅकेजं दोन प्रकारे मिळतात. एक म्हणजे दळून आणलेलं पीठ, त्याला 'व्हील' म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे गहू, मूळ मजकूर. व्हील मिळालं नाही तर पिप गहू आणतो आणि घरच्या गिरणीत दळायला बघतो. बहुतेकांच्या घरी गिरणी नसते. मग विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस हवं' असा संदेश येतो आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो, की मी तर पायथन शिकतोय, हे सी प्लस प्लस कुठून आलं? ती गिरणी आहे. पायथनची नवी आवृत्ती अलीकडे दर ऑक्टोबरात येते, आणि तिच्यासाठी सगळ्यांची पिठं लगेच दळून झालेली नसतात. ऑक्टोबर २०२३च्या ३.१२ आवृत्तीनं तर पॅकेजं बांधण्याचं जुनं अवजार, डिस्टयुटिल्स, काढूनच टाकलं. त्यावर विसंबलेली कितीतरी जुनी पॅकेजं बसेनाशी झाली. माझा सल्ला, निदान शिकणाऱ्यांना, एकच: सगळ्यात नव्या पायथनच्या एक पायरी मागे राहा. तिथे पीठ तयार मिळतं.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स आहे. एकदा असाच आवृत्तींचा गुंता झाला, वैतागून म्हटलं, पायथन मुळापासून काढू आणि नवं घालू. काढलं. पुन्हा सुरू केल्यावर समोर काळा पडदा आणि त्यावर नुसती टाइप करायची जागा. खिडक्या, चिन्हं, सगळं गायब! लिनक्सची स्वतःचीच अनेक कामं त्या पायथनवर चालतात हे मला पुस्तकी माहीत होतं. त्या संध्याकाळी अंगावर आलं. घराच्या मालकाची चूल मी विझवली होती. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटूनं यावर कडी घातली. तिथे मालकाच्या पायथनमध्ये पिपनं काही घालू गेलात, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून तो नकार देतो. त्या संदेशातच एक पळवाट सांगितलेली असते, जिचं नाव 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं आहे. सिस्टिमची पॅकेजं मोडा! इतक्या स्पष्ट शब्दांत लिहूनही मुलं ती ओळ उतरवून घेतात आणि चालवतात.

त्याच संदेशात खरा उपायही दिलेला असतो, पण तो कुणी वाचत नाही. तो म्हणजे वेगळी चूल मांडणं. पायथनमध्ये २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून 'व्हेन्व' नावाची सोय आहे. कामाच्या फोल्डरमध्ये जायचं आणि 'पायथन, डॅश एम, व्हेन्व' असं लिहून पुढे एक नाव द्यायचं. त्या नावाचा एक फोल्डर तयार होतो, त्यात या कामापुरतं पायथन आणि या कामापुरता पिप. मग त्यातली 'ॲक्टिव्हेट' ही आज्ञा चालवायची, की ओळीच्या सुरुवातीला कंसात त्या चुलीचं नाव दिसू लागतं. आता काहीही मागवा, ते याच चुलीपाशी येईल. बाजारभावाच्या प्रकल्पाला नमपाय १, दुसऱ्या कामाला नमपाय २, दोघांची गाठच पडत नाही. बिघडलंच तर तो फोल्डर पुसून टाकायचा आणि पुन्हा मांडायचा. आपला प्रोग्रॅम त्याच्या बाहेर असतो, त्याला धक्का नाही. एकत्र कुटुंबाचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ आहे, पण पॅकेजांच्या बाबतीत वेगळं राहूनच गोडी राहते. (उबुंटूवर पिप आणि व्हेन्व वेगळे मागवावे लागतात. ते नसले, तर ते चुकीनं पुसले गेले असं समजू नये.)

चूल मांडली, की तिच्या सामानाची यादी करून ठेवायची. 'पिप फ्रीझ' ही आज्ञा प्रत्येक पॅकेज आणि त्याची नेमकी आवृत्ती ओळीनं लिहून देते. ती 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या फाइलमध्ये ठेवायची रीत आहे. ही यादी का महत्त्वाची, ते माझ्या एका सहकाऱ्यांनी फार किंमत देऊन शिकलं. त्यांनी २०१९मध्ये पावसाच्या नोंदींचं विश्लेषण केलं. चार वर्षांनी लेख छापायच्या वेळी परीक्षकांनी एक आलेख बदलून मागितला. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम 'अपेंड'पाशी अडला. पांडाजनं ती जुनी सोय एप्रिल २०२३च्या २.० आवृत्तीत काढून टाकली होती. तेवढी ओळ बदलली, तर पुढची अडली. यादी केलेली नव्हती. शेवटी फाइलींच्या तारखा बघून, त्या महिन्यात कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती असेल याचा अदमास घेत, जुनं पायथन आणून चूल पुन्हा मांडली. तीन दिवस गेले. आपणच काढलेला निष्कर्ष आपल्यालाच पुन्हा काढून दाखवता येत नाही, ही संशोधकाला साधी गोष्ट नाही. आणि यादी करताना पायथनची आवृत्ती स्वतःहून लिहायची, फ्रीझ ती लिहीत नाही.

याहून सोयीची अवजारं आहेत. कॉन्डा पायथनखेरीज इतर सामानही आणतो, त्यामुळे शास्त्रीय कामात गिरणीची भानगड बरीच टळते. फक्त एकाच चुलीवर कॉन्डा आणि पिप दोघांना राबवायचं असेल तर आधी कॉन्डाचं काम उरकून घ्यावं, पिपला शेवटी बोलवावं. २०२४मध्ये आलेला 'यूव्ही' चूल मांडणं, सामान आणणं आणि यादी ठेवणं तिन्ही करतो आणि फार झपाट्यानं करतो. मी तो वापरतो. पण शिकवताना पहिलं सत्र पिप आणि व्हेन्वच शिकवतो. पोऱ्या कुठे जातो, काय आणतो हे एकदा डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

त्या मुलीला रात्री बारा वाजता फोनवरूनच चूल मांडायला लावली. पॉवरशेलनं 'ॲक्टिव्हेट'ला परवानगी नाकारली, म्हणून साध्या कमांड प्रॉम्प्टवरून केलं. नमपाय दोनच्या खाली, पांडाज, आलेखांचं पॅकेज, पहिला आलेख उमटला तेव्हा तिच्या आईचाही आवाज ऐकू आला, "झालं का गं?" मग यादी करून घेतली आणि पेन ड्राइव्हवर ठेवायला सांगितली.

सकाळी कॉलेजात गेल्यावर कळलं, की लॅपटॉप जोडायची केबल नाही, प्रयोगशाळेच्याच कॉम्प्युटरवर दाखवा. त्यावर तिचं काहीच नव्हतं. पायथनची आवृत्ती मात्र सुदैवानं तीच. तिनं पेन ड्राइव्ह लावला, चूल मांडली, यादी पिपच्या हातात दिली. तिथलं इंटरनेट रडतखडत चालणारं, बारा मिनिटं लागली. परीक्षक तोवर चहा पिऊन आले आणि आलेख बघून म्हणाले, कांद्याच्या भावाची सरासरी घेतलीस, मध्यक का नाही घेतलास? त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं.